भोक पाडण्याआधी बसून घ्या
किट कारमधली बैठक : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किटची, म्हणजे स्वतः जोडायच्या गाडीच्या सुट्या भागांची, खोकी उघडली की हात आधी इंजिनाकडे जातो, ते साहजिकच आहे. सीटचं काम चार बोल्टचं वाटतं, म्हणून ते मागे पडतं. पण गाडी रस्त्यावर आल्यावर ग्राहक आमच्याकडे येतात ते बहुतेकदा बैठकीचीच तक्रार घेऊन. कंबर भरून येते, क्लचच्या पायाला मुंग्या येतात, गुडघा टनेलवर (गाडीच्या मधोमध असलेल्या लांब उंचवट्यावर) घासतो, काचेची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येते. तोवर फ्लोअरमध्ये भोकं पडलेली असतात, रंग झालेला असतो, आणि दोन सेंटिमीटर सरकवायचं तरी सगळं उचकटावं लागतं. म्हणून हे पत्रक आम्ही किटबरोबरच देतो. ड्रिल हातात घेण्याआधी वाचा.

दोष सीटचा क्वचितच असतो

आज मिळणाऱ्या कितीतरी किट १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या वळणाच्या आहेत. चालक जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलला टेकून, पाय लांब पुढे, शेजारी टनेल. वजन वाचतं, पण जागाही आखडते. त्यात पेडलं आणि स्टिअरिंग कॉलम बहुधा दुसऱ्या, साध्या गाडीतून काढलेले असतात. त्या गाडीत चालकाचे खुबे टाचेपासून साधारण २५ ते ३० सेंमी उंचीवर असायचे आणि पाय तिरका खाली दाबला जायचा. किटमध्ये खुबे टाचेपेक्षा थोडेच वर असतात आणि पाय समोर ढकलावा लागतो. पेडल तेच, पण आता ते उंच वाटतं, टाच उचलावी लागते आणि पोटरी दुखते. लोक सीट बदलतात, मग पुन्हा बदलतात. खरं काम पेडलापाशी असतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी माकडहाडाची जागा ठरवा, मग पाठ, मग पाय, मग हात. स्टिअरिंगपासून सुरुवात केलीत तर उरलेलं सगळं शरीर त्याच्यामागे वाकवावं लागतं.

तात्पुरती बैठक

सीट नुसती फ्लोअरवर ठेवा, बोल्ट नको. खाली प्लायवूडचे तुकडे आणि लाकडी पाचरी सरकवत उंची आणि कल बदलता येतो. जे बूट घालून गाडी चालवणार तेच घाला. शक्यतो पातळ तळव्याचे आणि अरुंद, कारण या गाड्यांत दोन पेडलांमधलं अंतर फार कमी असतं आणि रुंद बूट ब्रेकबरोबर शेजारचं पेडलही दाबतो. हेल्मेट वापरणार असाल तर तेही घाला. एकजण मापं घ्यायला बाजूला हवा; स्वतः वाकून माप घेतलंत की बैठक बदललीच.

आता बूड पार मागे, सीटच्या कोनात सारून बसा आणि निदान अर्धा तास हलू नका. पाच मिनिटांत कुठलीही सीट छान वाटते. वीस मिनिटांनी शरीर थोडं खाली बसतं, कंबर गोल होते, आणि खरी बैठक तेव्हा कळते. शक्य असेल तर हेच संध्याकाळी पुन्हा करा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून माणसाची उंची सेंटिमीटरभर कमी होते, आणि काचेची कड टाळायची असेल तर तेवढाही फरक जाणवतो.

कंबरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल ठेवून बघा. बऱ्याच लोकांना तीन-चार सेंमी जाडीचा आधार पुरतो; त्याहून जाड झाला तर तो पाठ पुढे ढकलतो. मांडीकडेही बघा. खाली बसल्यावर गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून सुटतात आणि सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. कंबरेची बरीचशी दुखणी इथून सुरू होतात. सीटची पुढची कड पाचरीनं वर उचला आणि मांडी टेकल्याबरोबर काय फरक पडतो तो अनुभवा. हा एकच बदल करून मग खुशाल बाकीचं विसरलात तरी निम्मं काम झालं, असं आमचं प्रामाणिक मत आहे. अपघातात शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू नये यासाठीही ही कड वर हवी.

डोळे काचेच्या वरच्या कडेच्या रेषेत येत असतील तर बैठक खाली घ्या किंवा पाठ थोडी मागे कलवा. मात्र पाठ फार कलवली की मान पुढे ताणली जाते. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मागची कमान) डोक्यापेक्षा, हेल्मेट घालत असाल तर हेल्मेटपेक्षा, निदान ५ सेंमी वर राहिलाच पाहिजे. उंच माणसांनी हे सगळ्यात आधी तपासावं.

पाय आणि हात

क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात वाक उरला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर पेडल लांब आहे. टाच फ्लोअरवरच राहून चवडा पेडलाच्या मध्यावर यावा. येत नसेल तर फ्लोअरवर टाचेसाठी आडवी पट्टी बसवा किंवा पेडल बॉक्सच (पेडलं बसवलेली चौकट) मागे-पुढे घ्या. ब्रेकचा दांडा कापून आखूड करू नका, वाकवूही नका. दांड्याची लांबी बदलली की पायाच्या जोराची पट बदलते आणि ब्रेक वेगळाच लागतो.

पेडलं सीटच्या सरळ समोर नसून एका बाजूला सरकलेली असतील तर कंबरेला कायमचा पीळ बसतो. सीट एक-दोन सेंमी त्या बाजूला घेता येते का ते आत्ताच बघा. टनेलवर गुडघा टेकतो तिथे खडूनं खूण करून पातळ पॅड लावा.

स्टिअरिंगसाठी जुनी आणि खात्रीची परीक्षा : दोन्ही खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट चक्राच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. चक्र काढता येणारा जोड बसवणार असाल तर तो आधीच लावून माप घ्या, कारण तो चक्राला काही सेंटिमीटर तुमच्याकडे आणतो. चक्र लहान घेतलं तर मांडीला जागा मिळते, पण ते फिरवायला जड जातं.

पट्टे

इथे आराम आणि जीव एकाच मापावर अवलंबून आहेत. खालचा पट्टा पोटावर नाही, ओटीच्या हाडांवर बसला पाहिजे. खांद्याचे पट्टे खांद्यामागे जवळजवळ आडवे जावेत, फार तर थोडे खाली. मागे फ्लोअरलाच बांधले तर धक्क्यात ते खांद्यांना खाली ओढतात आणि सगळा दाब मणक्यावर येतो. चार टोकांच्या हार्नेसमध्ये (चार ठिकाणी गाडीला बांधलेल्या पट्ट्यांच्या संचात) वरचे पट्टे घट्ट केले की बक्कल पोटावर चढतं. म्हणून मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेला हार्नेस घ्या, असा आमचा आग्रह आहे.

फोम

मऊ जाड गादी दुकानात सुखाची वाटते, पण रस्त्यावर ती दबते, बूड घसरतं आणि धक्का बसला की पट्टा सैल पडतो. पातळ आणि घट्ट फोम निवडा.

शरीराच्या आकाराची सीट हवी असेल तर दोन द्रव मिसळून फुगणारा फोम जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओततात आणि त्यावर बसून राहतात. आधी फक्त कंबरेमागे, मग कुशींना; बुडाखाली अगदी थोडा, नाहीतर तो तुम्हाला वर उचलतो आणि वर जमवलेली सगळी मापं वाया जातात. बसल्यावर हात स्टिअरिंगवर, पाय पेडलांवर ठेवा आणि फोम कडक होईपर्यंत हलू नका. तो फुगताना गरम होतो आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि योग्य मास्क घालूनच करा. दमा असलेल्यांनी तिथे थांबू नये.

मग बोल्ट

सगळं जमल्यावर फ्लोअरवर खुणा करा आणि खाली ब्रेकची नळी, इंधनाची नळी, वायर जात नाही ना ते बघूनच ड्रिल लावा. फायबर किंवा पातळ पत्र्यात नुसता वॉशर पुरत नाही, खालून रुंद लोखंडी पट्टी हवी.

आमच्याकडून सीटचे ब्रॅकेट मागवताना माकडहाडापासून डोळ्यांपर्यंतची उंची, माकडहाडापासून टाचेपर्यंतचं अंतर, खांद्यांची रुंदी आणि टाचेखालच्या फ्लोअरचा फोटो पाठवा. मापं बूट घालून घेतली की अनवाणी, तेही लिहा.