ललिता पवार यांचा पुरस्कार आणि ‘सहाय्यक अभिनेत्री’ या वर्गवारीची पार्श्वभूमी

ललिता पवार यांना १९६० साली ‘अनाडी’तील मिसेस डिसा या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, ही नोंद त्यांच्या प्रत्येक परिचयलेखात एका ओळीत येते आणि लगेच मागे पडते. ती इतक्या झटपट मागे पडावी असे तिच्यात काही नाही. हा पुरस्कार त्या वर्षी अवघ्या सहाव्यांदा दिला जात होता, आणि त्याआधीच्या पाचही मानकरी नायिका म्हणून पडद्यावर वावरणाऱ्या होत्या. आई, सासू, आत्या, घरमालकीण अशी कामे हाच ज्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवसाय होता, अशा अभिनेत्रीला तो १९६० मध्ये प्रथमच मिळाला. दुय्यम भूमिकांसाठी काढलेला पुरस्कार दुय्यम भूमिका करणारीपर्यंत पोहोचायला सहा वर्षे का लागली, हे पाहिले म्हणजे त्या काळातील चित्रपटव्यवसाय या कामाकडे कसा पाहत होता, तेही उलगडते.

‘फिल्मफेअर’ या इंग्रजी चित्रपट-पाक्षिकाने १९५४ मध्ये हे पुरस्कार सुरू केले, तेव्हा चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीतकार असे पाचच विभाग होते. पुढच्या वर्षी सहाय्यक भूमिकांचे दोन विभाग जोडले गेले आणि अभिनेत्रींमधला पहिला मान ‘बादबान’साठी उषा किरण यांना मिळाला. त्यानंतर ‘मुनीमजी’साठी निरूपा रॉय, ‘देवदास’साठी वैजयंतीमाला, ‘शारदा’साठी श्यामा आणि ‘काला पानी’साठी नलिनी जयवंत अशी नावे येतात. यांतील निरूपा रॉय यांचा अपवाद सोडला, तर बाकीच्या चौघींच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. चित्रपटात आणखी एक नायिका होती, आणि दोघींपैकी ज्या एकीला ‘दुसरी’ म्हणता येईल तिला हा पुरस्कार गेला. ‘बादबान’ आणि ‘शारदा’ या दोन्हींत ती आणखी एक नायिका मीना कुमारी होती, तर ‘काला पानी’त मधुबाला. निरूपा रॉय यांनी ‘मुनीमजी’त देव आनंदच्या आईच्या जागी काम केले होते, हे खरे, पण देव आनंदहून त्या वयाने लहान होत्या आणि त्या सुमारास पौराणिक चित्रपटांच्या नायिका म्हणून त्यांचे नाव गाजत होते. नायिकेने धाडसाने प्रौढ भूमिका केली म्हणून तिचे कौतुक झाले, असेच त्या निवडीचे स्वरूप दिसते. रोज पांढरे केस लावून सेटवर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया त्या यादीत कुठे दिसत नाहीत.

या यादीत खरा पेच पडला तो १९५७ मध्ये. बिमल रॉय यांच्या ‘देवदास’मधील चंद्रमुखीसाठी जाहीर झालेला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार वैजयंतीमाला यांनी नाकारला. आपली भूमिका पारोच्या भूमिकेला समांतर आणि तितक्याच तोलाची आहे, तिला सहाय्यक म्हणणेच चुकीचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पुरस्कार नाकारण्याची त्या सोहळ्याच्या इतिहासातील ही पहिलीच घटना असल्याने तिची चर्चा पुष्कळ झाली आणि आजही होते. मात्र ती बहुधा स्वाभिमान विरुद्ध अहंकार एवढ्याच चौकटीत अडकते. वास्तविक प्रश्न वर्गवारीचा होता. सहाय्यक भूमिका म्हणजे किती लांबीची, कथेच्या केंद्रापासून किती अंतरावरची, श्रेयनामावलीत कितव्या क्रमांकाची, याचा कोणताही निकष जाहीर नव्हता. त्याच वर्षी त्याच चित्रपटातील चुन्नीबाबूसाठी मोतीलाल यांना सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी घेतला. चुन्नीबाबू नायकाच्या बरोबरीचा आहे, असा दावा कुणी केला नसता. चंद्रमुखी आणि चुन्नीबाबू या दोघांना एकाच तागडीत घालणाऱ्या परीक्षकांनी भूमिकेचे काम पाहिले नव्हते, फक्त नायक आणि नायिका ठरवून उरलेल्यांना एका पंगतीत बसवले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

तत्त्वाच्या पातळीवर वैजयंतीमाला यांची बाजू बरोबर होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही त्या नकाराचा एक परिणाम सहसा नोंदला जात नाही. सहाय्यक हा किताब नायिकेला कमीपणा आणणारा आहे, ही समजूत त्यामुळे अधिकच पक्की झाली. पुढची दोन वर्षेही परीक्षकांनी नायिकांचीच निवड केली. त्यामुळे १९६० चा निकाल हा नुसता एका चांगल्या कामाचा गौरव राहत नाही. या वर्गवारीत नेमके कोण बसते, याचे पहिले समाधानकारक उत्तर त्यात मिळाले.

‘अनाडी’तील मिसेस डिसा ही राज कपूरच्या घराची ख्रिस्ती मालकीण. भाड्यावरून त्याला फैलावर घेणारी, पण मनातून त्याला मुलगा मानणारी ही बाई पुढे भेसळीच्या औषधाने दगावते आणि चित्रपटाच्या उत्तरार्धाचे सारे कथानक तिच्या मृत्यूवर उभे राहते. ललिता पवार यांचा जन्म १९१६ चा आणि राज कपूर यांचा १९२४ चा, म्हणजे या मायलेकरांत प्रत्यक्षात आठ वर्षांचे अंतर होते. ‘श्री ४२०’मध्ये पदपथावर केळी विकणारी गंगामाई त्यांनी उभी केली, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. त्या प्रसंगात केळ्यांचा भाव सांगताना आणे आणि नग यांची जी उलटापालट होते, ती ऐकताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा आहे. गिऱ्हाईक बावळट आहे की चालू, याचा अंदाज घेणारी ती नजर बाजारात बसणाऱ्या बाईचीच आहे, आणि पुढच्या क्षणी त्याच नजरेत येणारी माया त्यामुळे खोटी वाटत नाही.

‘अनाडी’च्याच वर्षी, १९५९ मध्ये, ‘सुजाता’ प्रदर्शित झाला. त्यात ललिता पवार यांनी जातिभेद काटेकोरपणे पाळणारी वयस्क बाई केली आहे. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलीच्या वाटेत उभी राहणारी ही बुवाजी आणि ‘अनाडी’तील डिसाबाई ही दोन टोकांची कामे एकाच वर्षातील आहेत, एवढे ध्यानात घेतले तरी त्यांच्या आवाक्याची कल्पना येते. जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की, बंगाली दिग्दर्शकाने बंगाली कथेवर काढलेल्या ‘सुजाता’त नूतन, शशिकला, सुलोचना आणि ललिता पवार अशा चार मराठी अभिनेत्री होत्या. हिंदी चित्रपटातील घर चालते ठेवण्याचे काम त्या काळात बऱ्याच अंशी मराठी स्त्रियांकडे होते, आणि मराठी चित्रपटइतिहासाने त्याचा हिशेब पुरेशा आस्थेने ठेवलेला नाही.

ललिता पवार दुय्यम भूमिकांकडे का वळल्या, याचे ठरलेले उत्तर सर्वांना पाठ आहे. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात, १९४२ च्या सुमारास, सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, तीन वर्षे उपचार चालले, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेची खलनायिका झाली. ज्यांच्या हातून ही थप्पड बसली, त्या मास्टर भगवान यांचे नाव मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. घटना खरी आहे आणि तिने झालेली हानीही खरी आहे. शंका आहे ती तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानाविषयी. १९४४ मध्ये, म्हणजे उपचारांची तीन वर्षे पुरी होण्याआधीच, प्रभातच्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाईच्या भूमिकेत त्या दिसतात. ‘ध’चा ‘मा’ करणारी स्त्री म्हणून मराठी मनात वर्षानुवर्षे घर करून असलेली ही व्यक्तिरेखा केवळ अधू डोळ्याच्या बळावर पेलणारी नव्हती. शिवाय ज्यांना कोणतीही इजा झाली नव्हती, अशा त्यांच्या समकालीन नायिकाही याच रस्त्याने गेल्या. लीला चिटणीस १९४८ च्या ‘शहीद’मध्ये दिलीपकुमारच्या आई झाल्या, दुर्गा खोटे ‘मुगल-ए-आझम’मध्ये जोधाबाई झाल्या.

खरे कारण व्यवसायाच्या रचनेत शोधावे लागते. मासिक पगारावर कलावंत बाळगणाऱ्या कंपन्या महायुद्धानंतर एकामागून एक मोडल्या आणि चित्रपटागणिक करार करण्याची पद्धत रुळली. या पद्धतीत नायक-नायिकांचे मोल वाढले, आणि तिशी ओलांडलेल्या अभिनेत्रीला नायिका म्हणून घेण्याचा धोका पत्करायला निर्माता तयार होईना. मात्र त्याच निर्मात्याला घरातील वडीलधारी माणसे उभी करण्यासाठी कसलेले, एका टेकमध्ये काम उरकणारे कलावंत हवे होते. मूकपटापासून कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या ललिता पवार यांच्याकडे हा कसब भरपूर होता. थप्पडेने दार बंद केले असेल. पण ते दार त्यांच्या वयाच्या सगळ्यांसाठीच बंद होत आले होते. थप्पडेची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला चटका लावणारी आहे, म्हणून ती टिकली, आणि तिच्याखाली अभिनेत्रीची स्वतःची निवड झाकली गेली.

त्याआधीचा काळ येथे थोडक्यात सांगून पुढे जाणे पुरेसे आहे. येवल्यात जन्मलेल्या अंबूने (हे ललिता पवार यांचे मूळ नाव) पुण्यातील मूकपट कंपनीत बालवयातच कामाला सुरुवात केली आणि १९३१ च्या ‘दिलेर जिगर’मध्ये त्या नायिका होत्या. भारतातील जे मोजके मूकपट आज पाहायला मिळतात, त्यांत हा एक आहे. रस्त्यावर कसरतीचे खेळ करणाऱ्या त्या चपळ मुलीत पुढची खाष्ट सासू शोधूनही सापडत नाही. १९३२ च्या ‘कैलाश’च्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता.

सासूची प्रतिमा घडली ती पुढच्या दशकात, आणि तिला काळाचा संदर्भ आहे. व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ १९५० चा. हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत हुंड्याचा जाच पडद्यावर दाखवायचा म्हणजे त्याला एक चेहरा लागे, आणि तो चेहरा बहुतेक वेळा सासरा, दीर किंवा नवरा यांचा नसून सासूचा असे. घरातील अन्यायाचा सगळा दोष एका बाईच्या माथी मारण्याची ही सोय ललिता पवार यांच्या अभिनयामुळे फार परिणामकारक झाली, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. गंमत अशी की याच्या नेमकी उलट भूमिकाही त्यांच्याच वाट्याला आली. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या घटस्फोटाच्या हक्काची बाजू घेणाऱ्या, पुरुषांवर विश्वास न ठेवणाऱ्या स्त्री-चळवळीच्या पुढारी आहेत, आणि ज्या वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, त्याच १९५५ साली हा चित्रपट आला. जुन्या चालीची सासू दुष्ट आणि नव्या चालीची आत्या हास्यास्पद, असा हा हिशेब होता. दोन्ही कामे एकाच अभिनेत्रीने करावीत, याचा अर्थ प्रौढ, आवाज चढवून बोलणाऱ्या स्त्रीची पटकथाकारांना वाटणारी धास्ती तिच्या मतांशी फारशी निगडित नव्हती.

या ठशातून सुटण्याच्या वाटा त्यांनी विनोदाच्या बाजूने काढल्या. ‘जंगली’त घरात हसण्यावर बंदी घालणारी करारी आई आहे, तर १९६२ च्या ‘प्रोफेसर’मध्ये म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेतलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडणारी कडक पालक आहे. आधी काठीसारखी ताठ असलेली ही बाई हळूहळू नटूमुरडू लागते, आवाज मृदू करून बोलू लागते, आणि प्रेक्षक हसता हसता जरा ओशाळतो, कारण त्या वयाच्या स्त्रीच्या मनातही असे काही असू शकते, याचा विचार त्याने केलेला नसतो. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी यांनी ‘आनंद’मध्ये त्यांना रुग्णालयाची मेट्रन केले, आणि तिचेही आडनाव डिसाच ठेवले.

दूरदर्शनवरच्या कामाबद्दल बोलताना मात्र मागे १९६१ मध्ये जावे लागते. त्या वर्षीच्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात ललिता पवार मंथरा होत्या, आणि जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हाही त्याच मंथरा झाल्या. मालिकेतील मुख्य पात्रांसाठी तुलनेने नवे चेहरे निवडले गेले असताना मंथरेसाठी सत्तरी ओलांडलेली चित्रपट-अभिनेत्री घेतली गेली. राम-सीता यांच्याकडे प्रेक्षकाने कोऱ्या मनाने पाहावे अशी अपेक्षा होती. मंथरेच्या बाबतीत उलट, तिच्यामागे तीसेक वर्षांच्या सासवांची पुंजी उभी हवी होती. ज्या घरांनी ‘दहेज’चे नावही ऐकले नव्हते, त्यांनी त्यांना रविवारी सकाळी प्रथम पाहिले आणि आजच्या बहुसंख्य मराठी वाचकांच्या आठवणीत त्या याच रूपात आहेत.

त्यांच्या पिढीतील इतरांनाही छोटा पडदा उपयोगी पडला. दुर्गा खोटे यांनी तेथे निर्मितीचा मार्ग धरला आणि १९८८ ची ‘वागले की दुनिया’ त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. पुढच्या पिढीतील शुभा खोटे यांच्या विनोदी भूमिकांनाही मालिकांनी दुसरे आयुष्य दिले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्री हा विभाग मात्र १९८४ च्या चित्रपटांपासूनच सुरू झाला आणि त्याचा पहिला मान ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी यांना मिळाला. ललिता पवार यांची कारकीर्द तोवर जवळजवळ सरत आली होती. त्यांच्या वाट्याला आलेला राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान १९६१ मधील संगीत नाटक अकादमीचा होता, आणि तो देताना भूमिका मुख्य की सहाय्यक, असा भेद करण्याचा प्रश्नच नव्हता.