कॉन्झर्वेशन एरियात नदीकाठी तंबू : परमिट नेमकं कुठे अडतं

मे महिना आला की कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "एलोरा गॉर्जला दोन रात्री राहायचंय, साइट मिळेल का बघ ना." साइट, म्हणजे तंबू ठोकायची आखलेली जागा, मिळते हो. संकेतस्थळावर खातं उघडायचं, नकाशावर रिकामी जागा निवडायची, कार्डाने पैसे भरायचे, पुष्टीचा ईमेल जपून ठेवायचा. हे सगळं दहा मिनिटांत होतं, त्यावर मी आणखी काही लिहीत नाही. लोक अडकतात ते आधी आणि नंतर, म्हणून तेवढंच सांगतो.

पहिला घोळ पासचा. "आमच्याकडे पार्कचा पास आहे" असं म्हणत लोक निघतात. कुठल्या पार्कचा? बॅन्फ किंवा ब्रूस पेनिन्सुला ही राष्ट्रीय उद्यानं, त्यांचा डिस्कव्हरी पास पार्क्स कॅनडाचा, म्हणजे केंद्र सरकारचा. अल्गॉन्क्विन किंवा सँडबँक्स ही प्रांताची उद्यानं, ती ओंटारियो पार्क्सकडे. आणि एलोरा गॉर्जसारख्या कॉन्झर्वेशन एरिया, म्हणजे नदीकाठच्या राखीव जागा, या दोघांच्याही नाहीत. त्या कॉन्झर्वेशन अथॉरिटीच्या, म्हणजे नद्यांचं पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांच्या. तीन घरं, तीन चुली. एकाचा पास दुसऱ्याच्या फाटकावर नुसता कागद.

पुन्हा अथॉरिटीही एक नाही. १९४६ साली ओंटारियोत यांचा कायदा झाला, तेव्हा हद्दी जिल्ह्यांप्रमाणे न आखता पाणलोटाप्रमाणे आखायचं ठरलं. ज्या मुलखाचं पाणी ज्या नदीला मिळतं तो मुलूख त्या नदीच्या अथॉरिटीचा. एलोरा गॉर्ज, ब्रँट, बिंग आयलंड हे ग्रँड नदीचे. लंडनजवळचं फॅनशॉ थेम्स नदीचं. पेझ्लीजवळचं सॉगीन ब्लफ्स आणि डरहॅम हे सॉगीन नदीचे. (हे ओंटारियोतलं लंडन आणि त्याच नावाची इथली थेम्स. दर वर्षी कोणीतरी विचारतंच.) म्हणून प्रत्येकाचं संकेतस्थळ वेगळं, दर वेगळे, नियमांची बारीक अक्षरं वेगळी. एकाचा वार्षिक पास काढलात तरी तो सहसा दिवसाच्या प्रवेशापुरता असतो. रात्रीच्या मुक्कामाचं परमिट निराळं घ्यावं लागतं.

दुसरा घोळ तारखेचा. ओंटारियो पार्क्सचं बुकिंग येण्याच्या तारखेच्या पाच महिने आधी उघडतं. म्हणजे १८ जुलैला पोहोचायचं तर १८ फेब्रुवारीला सकाळी बसायचं. हे गणित इतकं डोक्यात बसलंय की लोक तेच कॉन्झर्वेशन एरियाला लावतात. बऱ्याच अथॉरिटी असं रोज एक-एक दिवस पुढे सरकत नाहीत. सगळा हंगाम एकाच ठरल्या दिवशी खुला करतात आणि तो दिवस दर वर्षी जाहीर होतो. माझ्या एका मित्राने ऑगस्टच्या मुक्कामासाठी पाच महिने मोजून गजर लावला होता. उठून बघतो तर नदीकाठच्या सगळ्या साइट कधीच गेलेल्या, उरलेल्या सगळ्या शौचालयाला लागून. तेव्हा नवं वर्ष लागलं की ज्या नदीवर जायचं तिच्या अथॉरिटीचं पान उघडून तारीख बघून ठेवा. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबरचा मध्य, आणि लाँग वीकेंडला दोन-तीन रात्रींची किमान अट बहुतेक ठिकाणी असते. एकाच रात्रीसाठी शोधलंत तर पडदा "उपलब्ध नाही" म्हणतो आणि लोक समजतात की भरलं. भरलेलं नसतं, तुमच्या रात्री कमी पडलेल्या असतात.

आता फाटक. मागच्या जुलैत शुक्रवारी संध्याकाळी एका फाटकावर मी रांगेत होतो. पुढे भाड्याची मोठी व्हॅन, आत आठ जण. खिडकीतला मुलगा विशीतला असेल, यादीवर बोट फिरवत होता. बुकिंग जावयाच्या नावावर, आणि जावई कामावरून रात्री उशिरा येणार. गाडीचा नंबर विचारला तर कोणालाच माहीत नाही, कारण व्हॅन त्याच दुपारी ताब्यात घेतलेली. सासूबाई मांडीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा घट्ट धरून बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, "काय म्हणतोय तो?" तो म्हणत होता की ज्याच्या नावाचं परमिट तो माणूस हवा, फोटो असलेलं ओळखपत्र हवं आणि एका साइटवर सहाच जण. पाऊण तास गेला. शेवटी दुसरी साइट घ्यावी लागली आणि ती नदीपासून बरीच लांब मिळाली.

या एका व्हॅनमध्ये चारही चुका होत्या, म्हणून एकेक घेतो.

नाव : जो सगळ्यात आधी पोहोचणार आणि रात्री तिथेच राहणार, त्याच्या नावावर बुकिंग करा. वय किमान १८. क्रेडिट कार्ड कोणाचंही चालतं, नाव मात्र येणाऱ्याचं.

ओळखपत्र : ड्रायव्हिंग लायसन्स असलं की प्रश्न नाही. ते नसेल तर पासपोर्ट. त्याचा मोबाइलमधला फोटो पुढे करू नका. काही जण तो बघून मान डोलावतात, काही जण नाही, आणि तुमच्या वेळेला नेमका दुसरा भेटतो.

गाडीचा नंबर : अर्जात ती चौकट दिसते आणि लोक आपल्या नेहमीच्या गाडीचा नंबर टाकून मोकळे होतात. मग भाड्याची गाडी घेऊन येतात. किल्ली हातात आली की तिथेच उभं राहून नंबरप्लेटचा फोटो काढा आणि खात्यात जाऊन बदल करा. दुसरी गाडी असेल तर तिचं शुल्क बहुधा वेगळं पडतं. "ती फक्त सामान टाकून जाणार आहे" हे कोणी ऐकून घेत नाही.

माणसं : साधारण नियम एका साइटवर सहा जणांचा. सख्ख्या कुटुंबाला कधी सूट मिळते, पण सख्खं म्हणजे आई-वडील आणि त्यांची मुलं. चुलतभाऊ, मावसबहीण, साडू ही आपली माणसं, त्यांच्या लेखी पाहुणे. मांडीवरचं बाळही माणसांत मोजलं जातं. सातजण असाल तर शेजारशेजारच्या दोन साइट सुरुवातीलाच घ्या, दोन वेगळ्या मोठ्या माणसांच्या नावांवर.

साइट निवडताना विजेचं चिन्ह बघा. १५ अँपिअर आणि ३० अँपिअर अशा दोन प्रकारच्या जोडण्या असतात, त्या ट्रेलरसाठी. तंबूवाल्यांनी उगाच विजेची साइट घेऊ नये, तिथली जमीन बऱ्याचदा खडीची असते आणि खुंट्या रुतत नाहीत.

सरपणाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण इथे लोक भोळेपणाने फसतात. परसातलं लाकूड गाडीत भरून न्यायचं नाही. कारण किडा. २००२ साली विंडसरला एमराल्ड अ‍ॅश बोरर सापडला. तो अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सालीखाली राहतो, स्वतः फार लांब उडत नाही, पण सरपणात बसून शेकडो किलोमीटर जातो. २०२३ मध्ये ओक विल्ट ही ओकची झाडं मारणारी बुरशीही ओंटारियोत आढळली. लाकूड तिथलंच विकत घ्यायचं, तिथेच जाळायचं, उरलं तर परत आणायचं नाही. स्थानिक अग्निबंदी लागली तर तेही विसरायचं, म्हणून एक गॅसची शेगडी बरोबर ठेवा.

कुत्र्याची दोरी दोन मीटरपेक्षा लांब नको.

आणि आता मासेमारी, जिच्या अर्जात सगळ्यात गमतीशीर गैरसमज आहे. ओंटारियोत दोन प्रकारची लायसन्स मिळतात, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. लोक दुसरं बघून म्हणतात, "आपण कॉन्झर्वेशन एरियातच चाललोय, हेच हवं." त्याचा जागेशी काडीचा संबंध नाही. कॉन्झर्वेशन लायसन्सवर कमी मासे ठेवता येतात, स्पोर्टवर जास्त. दोन्ही कॉन्झर्वेशन एरियात चालतात आणि बाहेरही. कॅनडात राहणाऱ्यांना १८ वर्षांखाली आणि ६५ नंतर लायसन्स लागत नाही, सरकारी ओळखपत्र जवळ असलं की झालं. पण इथेच भारतातून आलेले आई-बाबा सापडतात. बाबा सत्तरीचे आहेत म्हणून मुलगा निवांत असतो. ती सूट कॅनडाच्या रहिवाशांना आहे, म्हणजे गेल्या १२ महिन्यांत सलग सहा महिने इथे राहिलेल्यांना. व्हिजिटर व्हिसावर दोन महिन्यांसाठी आलेल्या बाबांना लायसन्स हवंच. त्यांच्यासाठी एक दिवसाचं स्पोर्ट लायसन्स काढा, त्याला आउटडोअर्स कार्ड (मासेमारी-शिकारीसाठीचं प्रांताचं ओळखपत्र) लागत नाही. वर्षभराच्या लायसन्सला ते कार्ड लागतं. फादर्स डेच्या वीकेंडची फुकट मासेमारीसुद्धा रहिवाशांपुरतीच, हा त्यात आणखी एक काटा.

राहिली नदी. या अथॉरिटींचं मूळ काम पर्यटन नाही, पाणी आहे. फर्गसजवळचं शँड धरण १९४२ चं, ग्रँडच्या वरच्या अंगाला. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये हेझेल वादळाने ओंटारियोत ८१ जण गेले, त्यानंतर पूरनियंत्रण हेच यांचं मुख्य काम होऊन बसलं. त्यामुळे वर धरणातून पाणी सुटलं तर एलोराला ऊन असतानाही नदी चढू शकते. सूचना पायरीपायरीने येतात : आधी पाणलोटाच्या स्थितीचं निवेदन, मग फ्लड वॉच, मग फ्लड वॉर्निंग. वॉच म्हणजे पुराची शक्यता, वॉर्निंग म्हणजे पूर येऊन ठेपलाय किंवा आलाच. नदीकाठच्या सखल साइट अशा वेळी सगळ्यात आधी बंद होतात.

इथे पैशांची एक खोच आहे. हवामानाचा अंदाज बघून तुम्हीच रद्द केलंत तर ते तुमचं रद्द करणं, आणि पावसासाठी परतावा सहसा मिळत नाही. साइट त्यांनी बंद केली तर बदली जागा किंवा पैसे देणं त्यांच्याकडे येतं. म्हणून गुरुवारी घाबरून कळ दाबू नका. कचेरी उघडी असतानाच फोन करा, नंतर नुसती रेकॉर्ड केलेली बाई बोलते. "माझी साइट चालू आहे का" एवढंच विचारा, आणि काय सांगितलं ते ईमेलवर मागून घ्या.