उचललेले स्वीप (ट्रॉल मासेमारी)

तळ ट्रॉलच्या, म्हणजे जहाजाने समुद्रतळावरून ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात न सापडताच चिरडले जाणारे खेकडे वाचावेत म्हणून जाळ्याच्या ओढदोरांत केलेला बदल. तो प्रामुख्याने अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात, चपट्या माशांच्या मासेमारीसाठी विकसित झाला.

ट्रॉल म्हटले की डोळ्यांपुढे जाळ्याची पिशवी येते. पण पिशवीचे तोंड उघडे ठेवणाऱ्या दोन जड फळ्या दूरवर पसरलेल्या असतात आणि प्रत्येक फळीपासून जाळ्यापर्यंत लांबच लांब दोर तळाला घासत येतो. हाच स्वीप. त्याची चाहूल लागून चपटे मासे बाजूला सरकतात आणि सरकत सरकत जाळ्याच्या वाटेवर येतात. एका ओढीत झाडल्या जाणाऱ्या तळाचा सुमारे ९० टक्के भाग या दोरांखाली येतो. खेकडा मात्र माशासारखा पुढे पळत नाही. दोर त्याच्या अंगावरून निघून जातो आणि तो तळावरच राहतो. जहाजावर येणाऱ्या खेकड्यांची मोजदाद होते, याची होत नाही.

उपाय तसा साधाच आहे. दोरावर ठरावीक अंतराने मोठ्या व्यासाच्या रबरी चकत्यांचे झुबके बसवायचे. झुबके तळावर टेकतात आणि मधला दोर काही सेंटिमीटर अधांतरी राहतो. स्वीपचा तळाशी येणारा संपर्क त्यामुळे सुमारे ९० टक्क्यांनी घटतो. दोर उचलला तर मासेही खालून निसटतील, ही मच्छीमारांची शंका रास्त होती. अलास्का मत्स्यविज्ञान केंद्राच्या क्रेग रोझ यांनी उद्योगातील लोकांना बरोबर घेऊन चाचण्या केल्या. त्यांत माफक उंचीवर चपट्या माशांची पकड फारशी घटली नाही. जाडजूड चकत्या लावलेला दोर डेकवरच्या रिळावर गुंडाळायचा कसा, हाही प्रश्न होताच. असले बदल बहुधा अशाच जागी अडतात.

खेकडे वाचले की नाही, हे पाहण्यासाठी ट्रॉलच्या मागे वेगळी जाळी ओढून मागे राहिलेले खेकडे वर आणले गेले. पाय आखडणे, नांगी मिटणे, डोळा आत ओढणे अशा प्रतिक्षिप्त क्रियांपैकी किती हरपल्या, यावरून खेकडा जगण्याची शक्यता काढली गेली. स्नो, टॅनर आणि लाल किंग या तिन्ही जातींत उचललेल्या स्वीपमुळे मृत्यू कमी झाले.

२०११ पासून बेरिंग समुद्रात चपटे मासे धरणाऱ्या तळ ट्रॉल जहाजांना असे स्वीप सक्तीचे आहेत. दोर तळापासून किमान २.५ इंच, म्हणजे सुमारे ६.४ सेंमी वर असावा लागतो. २०१४ मध्ये हाच नियम अलास्काच्या आखाताच्या मध्य भागातही लागू झाला. बेरिंग समुद्रातील स्नो खेकड्यांची पुढे जी प्रचंड घट झाली, तिचा मुख्य संबंध २०१८-१९ च्या सागरी उष्णतेच्या लाटेशी जोडला जातो. तसली घट दोर उचलून थोपवता येणारी नव्हती.

जाळ्याच्या तोंडाशी असलेला तळदोर मात्र अजून तळावरूनच जातो. त्याच्या वाटेत आलेल्या खेकड्याला स्वीपखाली सापडलेल्यापेक्षा अधिक धोका असतो.