चोविसाने भागलेली मोटार : पहिले किट घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या छोट्या दुकानातून मोटारीच्या प्लास्टिक प्रतिकृतीचे पहिले किट (सुटे भाग जोडून बांधायचा संच) घेऊन जाणारे ग्राहक काही दिवसांनी पुन्हा येतात, तेव्हा त्यांतील अनेकांचा प्रश्न एकच असतो. सूचनापत्रिकेप्रमाणे सगळे भाग जागच्या जागी बसले, रंगही चांगल्या प्रतीचा वापरला, तरी तयार झालेली वस्तू मोटारीसारखी न दिसता खेळण्यासारखी का दिसते? हे पत्रक त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिले आहे.

किटच्या १:२४ या प्रमाणाचा अर्थ असा, की खऱ्या मोटारीचे प्रत्येक माप चोविसाने भागलेले असते. चार मीटर लांबीची मोटार या प्रमाणात साधारण १६७ मिलिमीटरची होते. डब्यातील भाग कारखान्याने असे भागूनच दिलेले असतात; रंग, गोंद, तार आणि धूळ मात्र आपण बाहेरून आणतो, आणि त्या कोणीही भागलेल्या नसतात. खऱ्या मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात. तेवढाच थर प्रतिकृतीवर बसला, तर तो खऱ्या मोटारीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखा होतो. दरवाजाभोवतीची चार मिलिमीटरची फट प्रतिकृतीत जेमतेम ०.१७ मिलिमीटर उरते, आणि रंगाचे दोन जाड हात तिला बुजवून टाकतात. दरवाजाची रेघ बुजली, की डोळ्याला ती मोटार वाटत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे, की हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट वापरण्यापूर्वी मनात चोविसाने भागून पाहावी.

कोणते किट घ्यावे

जपानी आणि युरोपीय कंपन्यांची बहुतेक मोटार किटे १:२४ प्रमाणात असतात, तर अमेरिकी किटे बहुधा १:२५ प्रमाणात असतात. तिकडे मोटार विक्रेत्यांच्या दुकानात ठेवण्यासाठी मोटार कंपन्या आपल्या नव्या मोटारींच्या १:२५ प्रमाणातील प्रतिकृती बनवून घेत असत, आणि एएमटी या कंपनीने १९५८ पासून त्याच धर्तीवर एका डब्यातून तीन प्रकारे बांधता येणारी किटे काढली. दोन प्रमाणांतील फरक फळीवर शेजारी ठेवल्याशिवाय जाणवत नाही, परंतु एकाची चाके दुसऱ्याला लावू नयेत. शर्यतीच्या फॉर्म्युला वन गाड्या बहुधा १:२० मध्ये मिळतात.

या छंदातील कंपन्या किती खोलात जातात, याचे उदाहरण आम्हाला नेहमी सांगावेसे वाटते. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ च्या १:१२ प्रमाणातील पोर्शे ९३४ च्या किटसाठी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापे घेण्यासाठी ती अक्षरशः सुटी केली.

पहिल्या वेळी मात्र इंजिन नसलेले, बॉनेट बंद असलेले साधे किट घ्यावे, असा आमचा आग्रह राहील. त्यात भाग कमी असतात, आणि सगळे लक्ष बॉडीच्या रंगाकडे देता येते. लहान मुलांसाठी रंगीत प्लास्टिकची, गोंदाशिवाय दाबून बसणारी किटे असतात. आओशिमा कंपनीची १:३२ प्रमाणातील सुझुकी जिम्नी त्याच प्रकारातली आहे, आणि ही गाडी आता आपल्या रस्त्यावरही दिसत असल्याने मुलांना ती ओळखीची वाटते. पितळी पत्र्याचे कोरीव भाग असलेले महागडे किट पहिल्या खेपेस कोणी मागितले, तर ते पुढच्या वेळी घ्या, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

साच्याच्या खुणा

वाळूज आणि शेंद्रा येथील मोल्डिंग विभागांत काम करणाऱ्या ग्राहकांना पुढील मजकूर आधीच ठाऊक असेल, कारण किटही त्याच पद्धतीने बनते. वितळलेले पॉलिस्टायरीन (एक प्रकारचे प्लास्टिक) डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबाने भरले जाते. भाग रनरला (भागांभोवतीच्या प्लास्टिकच्या दांडीला) गेटपाशी, म्हणजे बारीक जोडापाशी, चिकटलेले राहतात. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे आतल्या बाजूला उमटतात, जाड जागी प्लास्टिक आकसून खळगा पडतो, आणि डायचे तुकडे जिथे मिळतात तिथे बारीक उंचवट्याची रेघ राहते. मोटारीची बॉडी अनेक तुकड्यांच्या डायमधून निघत असल्याने ही रेघ पुढच्या मडगार्डवरून, छताच्या खांबांवरून आणि कधी कधी मागच्या बंपरच्या कडेने जाते. खऱ्या मोटारीवर अशी रेघ नसते. ती ठेवून रंग दिला, तर चकचकीत रंगाखाली ती अधिकच उठून दिसते.

भाग रनरवरून तोडताना पहिला काप गेटपासून दूर घ्यावा आणि उरलेला खुंट नंतर धारदार पात्याने हळूहळू काढावा. हाताने पिरगाळून भाग कधीही तोडू नये. प्लास्टिक पांढरे पडते किंवा त्याचा टवका निघतो. त्यानंतर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ६०० आणि १००० पर्यंत पाण्यात घासावे. खळगा असेल तिथे लांबी (पुट्टी) अगदी पातळ भरावी आणि एक दिवस वाळू द्यावी, कारण सुकताना ती बसते. दरवाजे, बॉनेट आणि डिकी यांच्या रेघा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) देण्यापूर्वीच सुईसारख्या अवजाराने किंवा पात्याच्या पाठीने थोड्या खोल कराव्यात, म्हणजे रंगानंतरही त्या शाबूत राहतात. शेवटी बॉडी भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. डायमधून भाग सुटावा म्हणून मारलेल्या तेलकट फवाऱ्याचा अंश तिच्यावर उरलेला असू शकतो, आणि त्यावर रंग धरत नाही.

जोडणी

प्लास्टिक किटचा पातळ गोंद चिकटवत नाही, तर दोन्ही कडा विरघळवून एक करतो. म्हणून तो रंगावर किंवा क्रोमवर चालत नाही. जोडाच्या जागेवरील थर आधी खरवडून काढावा लागतो. भाग एकत्र धरून फटीला कुंचल्याचे टोक टेकवले, की गोंद आपोआप आत ओढला जातो. काचांसाठी मात्र हा गोंद वापरू नये आणि फेविक्विक तर मुळीच वापरू नये, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरे धुके बसते. काचा बसवण्यासाठी साधे पांढरे फेविकॉल उत्तम. ते वाळल्यावर पारदर्शक होते आणि चूक झाल्यास ओल्या कापडाने पुसता येते.

रंग आणि आपले हवामान

किटची सूचनापत्रिका मराठवाड्यातील उन्हाळा धरून लिहिलेली नसते. वैशाखातल्या दुपारी पारा चाळीसच्या पुढे असताना स्प्रे मारला, तर रंगाचे थेंब बॉडीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. अशा दिवसांत सकाळी सहा ते आठ या वेळेतच रंग द्यावा. खोली थंड करण्यासाठी कूलर लावून त्याच्यासमोर रंगवण्याची चूक बरेच जण करतात. कूलरची हवा दमट असते. रंगातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि लॅकर रंग पांढुरका पडतो. श्रावण-भाद्रपदात पाऊस लागून राहिला, की हेच कूलरशिवायही घडते. तेव्हा बॉडी रंगवण्याची सर्वांत चांगली वेळ दिवाळीपासून होळीपर्यंतची समजावी, आणि पावसाळ्यात घासणे, चेसिस, सीट, डॅशबोर्ड अशी कुंचल्याची कामे उरकावीत. डिसेंबरच्या थंडीत स्प्रेच्या डब्यातील दाब कमी होऊन रंग थुंकल्यासारखा पडू लागला, तर डबा काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा. विस्तवाजवळ तो कधीही नेऊ नये, तसेच उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नये. त्याची मर्यादा पन्नास अंश असते.

पहिला हात इतका हलका असावा, की खालचे प्रायमर दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा, आणि फक्त शेवटचा हात किंचित ओला. बॉनेट वेगळे असेल, तर ते बॉडीवर ठेवून एकाच वेळी रंगवावे, नाहीतर धातूचा चुरा असलेल्या रंगात दोन छटा दिसतात. बॉडी लाल प्लास्टिकची असून तिला पांढरा रंग द्यायचा असेल, तर प्रायमरवर आधी रुपेरी रंगाचा एक हात द्यावा. लाल रंग वरच्या थरांतून झिरपतो आणि पांढरी मोटार गुलाबी होते. पंधरा दिवसांची मेहनत अशी वाया गेलेली पाहताना आम्हालाही फार वाईट वाटते.

मोटारींचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानातील रंग प्रतिकृतीवर चालतो का, असे गॅरेजमधील मंडळी विचारतात. चालतो, परंतु तो उघड्या प्लास्टिकवर थेट मारल्यास त्यातील तीव्र थिनरने प्लास्टिकला बारीक तडे जातात; प्रायमर आवश्यकच आहे. हार्डनर मिसळून वापरायचे दोन भागांचे क्लिअर (रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर) आम्ही विकत नाही. त्यात आयसोसायनेट हे रसायन असते, त्याचा फवारा फुप्फुसांना घातक असतो, आणि घरच्या गच्चीवर त्यापासून पुरेसे संरक्षण होईल असे आम्हाला वाटत नाही. साध्या स्प्रेसाठीही वाफ शोषणारा मास्क वापरावा. तोंडाला रुमाल बांधल्याने थेंब अडतात, द्रावकाची वाफ अडत नाही.

पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकॅलसाठी (पातळ छापील चित्रांसाठी) बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते जड आहे, आणि वाळल्यावर डिकॅलच्या कडेने क्षारांचे पांढरे डाग राहतात. फिल्टरचे वाटीभर पाणी पुरते.

बारकावे

इथे पैसे कमी आणि नजर जास्त लागते. स्पार्क प्लगची खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड असते, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे ०.३ मिलिमीटर. पंखे आणि विजेच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या कोणत्याही दुकानात ३० गेजची तांब्याची तार मिळते, ती ०.३१५ मिलिमीटरची असते आणि वितभर तुकडा एका इंजिनाला पुरतो. सीटबेल्ट साधारण ४८ मिलिमीटर रुंद, म्हणून दोन मिलिमीटरची मास्किंग टेपची पट्टी काळी रंगवून लावावी. खिडक्यांभोवतीच्या रुपेरी पट्ट्यांसाठी चिकट पाठीचे अतिशय पातळ फॉइल मिळते. रुपेरी रंग कुंचल्याने भरण्यापेक्षा ते कितीतरी चांगले दिसते. बॉडीच्या रेघांत पातळ केलेला रंग सोडावा, पण पांढऱ्या मोटारीवर काळा नव्हे, करडा. टायरवरची चमक घासून घालवावी.

रॅलीच्या मोटारीवर धूळ दाखवण्यासाठी शेतातली माती चाळून लावण्याचा मोह होतो. आपल्या काळ्या मातीविषयी सर्वांनाच आपुलकी आहे, परंतु तिचा एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात दोन-अडीच सेंटिमीटरचा खडा होतो. त्याऐवजी पेस्टल खडूची पूड मऊ कुंचल्याने चाकांभोवती लावावी. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ काळी नसून करडी-तपकिरी असते, हे छटा निवडताना लक्षात ठेवावे.

नांदेड, लातूर, बीड, परभणी आणि इतर गावांच्या ग्राहकांना स्प्रेचे डबे आम्ही केवळ रस्तामार्गे पाठवतो, कारण ते ज्वलनशील असल्याने साध्या पार्सलसारखे विमानाने जाऊ शकत नाहीत; त्यामुळे काही दिवस अधिक लागतात. किट उघडल्यावर सर्वप्रथम सूचनापत्रिकेतील यादीशी रनर ताडून पाहावेत, आणि भाग कमी असल्यास काहीही न तोडता डबा दुकानात आणावा. मोटार पूर्ण होईपर्यंत रिकामे रनरही फेकू नयेत. त्यांचे बारीक तुकडे गोंदात विरघळवले, की त्याच प्लास्टिकची लांबी तयार होते. आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर थोडे धरून मऊ झालेला रनर दोन्ही हातांनी सावकाश ताणला, तर केसाएवढी बारीक काडी निघते, जी मोटारीची एरियल म्हणून अगदी मापात बसते.