काळी माती पाणी कधी पिते?

इंदुरात नळ उघडला की येते ती नर्मदा. मंडलेश्वरजवळ जलूदला उपसलेलं पाणी सुमारे ७० किलोमीटर नळातून येतं आणि वाटेत विंध्याचा कडा चढतं. ते शहरात पहिल्यांदा पोचलं १९७८ साली. चढण साधारण ५०० मीटर धरा. गच्चीवरच्या एका काळ्या टाकीत मावतं तेवढं, म्हणजे हजार लिटर पाणी तेवढं वर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने १.३६ युनिट वीज लागते. पंपात आणि नळात वाया जाणारी ऊर्जा धरली की जवळजवळ दोन युनिट.

आणि त्याच गच्चीवर पाऊस फुकट पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. इंदुरात वर्षाला ९५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ९५ हजार लिटर. पाचवा हिस्सा उडाला, सांडला असं धरलं तरी ७६ हजार उरतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं नियोजनाचं माप; त्या मापाने चौघांच्या घराला हे पाणी १४० दिवस पुरेल. आज त्यातलं बहुतेक गटारातून कान्ह नदीत जातं.

आम्ही तिघं मिळून वास्तुरचनेचं एक छोटं ऑफिस चालवतो. नकाशाला हात लावायच्या आधी घरच्यांना दोन प्रश्न विचारतो. घरात पाणी कोण भरतं? आणि पाऊस पडला की अंगणात ते कुठे साचतं? रामबागेतल्या एका काकूंनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी दिलंच नाही. उठून बाहेर नेलं आणि तुळशीवृंदावनामागची जागा दाखवली. "चार दिवस हलत नाही हो इथलं पाणी," म्हणाल्या.

आम्ही त्या जागेवर शोषखड्डा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, घ्यायचं ठरवलं. मे महिन्यात हातभर खोल खड्डा खणला, पाणी ओतलं, पट्टी उभी करून घड्याळ लावलं. पाणी बघता बघता उतरलं. पुन्हा ओतलं, पुन्हा उतरलं. त्या आकड्यांवर विसंबून आम्ही खड्ड्याचं माप काढलं. जुलैत काकूंचा फोन आला. खड्डा तोंडोतोंड भरला होता आणि आठवडा झाला तरी पातळी बोटभरसुद्धा खाली गेली नव्हती. काकूंचं म्हणणं पहिल्याच दिवशी बरोबर होतं. आम्ही ते ऐकलं, पण मानलं मात्र मे महिन्यातल्या मातीचं.

माळव्याच्या काळ्या मातीचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. ती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असते आणि पाण्याचे रेणू त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतात. पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून जातं, माती आकसते आणि तिला भेगा पडतात. काही भेगांत हातातली काठी वीतभर आत जाते. आमचं मे महिन्यातलं पाणी मातीने प्यायलंच नव्हतं, ते भेगांतून निसटलं होतं. मृगाच्या दोन-चार दमदार सरी झाल्या की भेगा मिटतात आणि मग ही माती पाणी जवळजवळ अडवूनच धरते. "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" असं इथे म्हणतात. गहू हिवाळ्यात ज्या ओलाव्यावर वाढतो, तो याच अडवून धरण्यातून येतो. शेताला हा गुण आहे, शोषखड्ड्याला मात्र अडचण. घराच्या जोत्याला तर धोकाच: जोत्यालगत पाणी मुरवलं तर माती फुगून भिंतींना तिरक्या चिरा जातात.

दुसऱ्या वेळी आम्ही खड्डा भिंतीपासून चांगला लांब घेतला आणि खाली जात राहिलो. आठ फुटांपर्यंत काळी माती, मग पिवळट, हाताने चुरडणारा मुरूम. मिस्त्रीने बादलीभर पाणी टाकलं आणि ते गपकन गेलं. बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते या मुरमात आणि त्याखालच्या खडकाच्या भेगांत. म्हणून वरच्या आठ फुटांत सिमेंटची गोल कडी बसवून सांधे बंद केले, काळ्या मातीला पाणी लागूच दिलं नाही. मुरमात मात्र तळ उघडा ठेवून दगडगोटे भरले. गच्चीवरचं पहिल्या पावसाचं धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येणारं पाणी वेगळं सोडून द्यायची सोय केली. बाकीचं वाळू-खडीच्या गाळणीतून खाली जातं. हेच पाणी थेट बोरिंगमध्ये सोडा असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मला मुळीच मान्य नाही. गाळणी एका पावसाळ्यात साफ करायची राहिली, तर ती घाण साऱ्या गल्लीच्या बोरिंगांत पोचू शकते.

पाण्यापासून सुरुवात करणं इंदूरला नवं नाही. होळकर दरबारासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ साली छापला गेला. हिंदुस्थानातल्या शहरांत फिरताना जुनी तळी डासांच्या भीतीने बुजवू नका, स्वच्छ ठेवा, असा त्यांचा आग्रह असे. पुढे वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी इथल्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना आधी जोतं, नळ आणि संडास दिला आणि बाकीचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवलं. त्या वसाहतीला १९९५ साली वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

काकूंनी कड्याच्या आतल्या बाजूला वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा करून घेतल्या आहेत. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, झाकण उचलून पाणी कितव्या खुणेला आहे ते पाहतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवतात. त्या पानांचे फोटो आम्ही मागून घेतले. लोकमान्य नगरात आता एक नवं काम आलंय. तिथल्या मालकांना खड्ड्याची चाचणी उन्हाळ्यातच उरकायची होती. आम्ही ती श्रावणापर्यंत थांबवली आहे.