एमए इतिहासाला ॲडमिशन घ्यायचीय? पात्रता, कागदपत्रं आणि त्या ५५ टक्क्यांची गोष्ट

बीएचे निकाल लागायला लागले की एकच प्रश्न फिरत असतो, "माझं बीकॉम झालंय, एमए इतिहासाला चालेल का?" चालतं हो. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत कुठल्याही शाखेची पदवी असली तरी इतिहासाला घेतात, काही ठिकाणी बीएला इतिहास स्पेशल असणाऱ्यांना मेरिटमध्ये आधी धरतात आणि उरलेल्या जागा बाकीच्यांना, एवढाच काय तो फरक. पदवीला किमान किती टक्के पाहिजेत ते मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळे मित्राने सांगितलं म्हणून फॉर्म भरू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून बघा. शेवटच्या सेमचा निकाल बाकी असेल तरी बहुतेक ठिकाणी तात्पुरती ॲडमिशन देतात, मार्कशीट नंतर आणून द्यायची.

फॉर्म आता सगळीकडे ऑनलाइनच आहे. कॉलेजात घ्यायची असेल तर साधारण मेरिट लिस्ट लागते, विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या विभागात घ्यायची असेल तर प्रवेश परीक्षा असू शकते. गोवा विद्यापीठाची जीयू-आर्ट नावाची स्वतःची परीक्षा आहे. दिल्लीला जेएनयूकडे डोळा असेल तर सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा. तिचे फॉर्म आपल्या इथले कॉलेजचे फॉर्म निघायच्या कितीतरी आधी निघतात आणि बंदही होतात, दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी "सीयूईटीची लिंक द्या ना" म्हणत येतंच.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवीच्या सगळ्या सेमच्या मार्कशीट (फक्त शेवटची नाही, सगळ्या), एलसी किंवा टीसी, आधार, फोटो, आणि एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर), जो हल्ली अपार आयडी म्हणूनही मागतात, तो डिजीलॉकरवरून निघतो. तुमचे क्रेडिट, म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारे श्रेयांक, त्याच खात्यात जमा होतात. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर आयडी काढतानाच गाडी अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट आधीच काढून ठेवा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. अँटी रॅगिंगचं हमीपत्र पण ऑनलाइन भरून प्रिंट द्यावी लागते. आणि एक, ओरिजिनल एलसी कॉलेज जमा करून घेतं ते परत मिळत नाही पटकन, तर आधी त्याच्या पाचसहा झेरॉक्स मारून ठेवा, स्कॅन पण करा.

राखीव जागेतून असाल तर जातीचा दाखला, आणि ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यांना नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. यातच सगळ्यात जास्त पोरं अडकतात कारण नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते आणि ॲडमिशन असते जून-जुलैत, मग सेतू केंद्रावर ही गर्दी. एप्रिलमध्येच नवीन काढून ठेवा. ईडब्ल्यूएसचं पण तसंच, दरवर्षी नवीन. मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने १० टक्के एसईबीसी आरक्षण आहे, पण त्यासाठी एसईबीसीचा दाखलाच लागतो, घरात जुना दुसऱ्या प्रवर्गाचा कागद आहे म्हणून तो पुढे करू नका. जात पडताळणी प्रत्येक कॉलेज एमएला मागेलच असं नाही, असेल तर जोडून टाका.

स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आणि बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर मंजूर झालेले पैसे पण येत नाहीत. अजून एक गैरसमज, २०२४ पासून मुलींना फी माफ झाली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना, एमए त्यात येत नाही, तर काउंटरवर जाऊन भांडू नका. बाकीच्या योजनांत तुम्ही बसता का ते बघा, एकाहून जास्त असतात.

आता मायग्रेशन, हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. बीए एका विद्यापीठातून आणि एमए दुसऱ्या विद्यापीठातून करत असाल तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणून नव्या ठिकाणी एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची मंजुरी, करून घ्यावी लागते. ॲडमिशनच्या वेळी कुणी अडवत नाही, "नंतर आणून दे" म्हणतात, आणि आपण पण खूष. मी दिवाळीत आणतो म्हणालो, दिवाळी गेली, परीक्षा पण दिली आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांचे मार्क दिसतायत आणि माझ्या नावापुढे निकाल राखीव. घरी रोज फोन, किती पडले, किती पडले. नंतर दोन विद्यापीठांच्या खिडक्यांवर मिळून दीड महिना गेला. तर पदवीचा निकाल हातात आला की मायग्रेशनचा अर्ज लगेच टाका, फी फार नसते.

अभ्यासक्रमाचं गणित २०२३ पासून बदललंय, नवीन शैक्षणिक धोरणामुळे. दोन वर्षं, चार सेम, प्रत्येक सेमला २२ क्रेडिट, एकूण ८८. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटच्या पेपरला ६० तास शिकवणं. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी सक्तीची, दुसऱ्या सेमला ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम) किंवा फील्ड प्रोजेक्ट ४ क्रेडिटचा, प्रात्यक्षिक कामाला एका क्रेडिटला ३० तास धरतात म्हणजे १२० तास. इतिहासवाल्याने ओजेटी करायची कुठे हा प्रश्न पडतोच. म्युझियम, पुराभिलेखागार (जुने सरकारी कागद जपून ठेवतात ते), जुनी ग्रंथालयं, वारसास्थळांवर काम करणाऱ्या संस्था. विभाग सांगेल म्हणून थांबलात तर शेवटी जिथे जागा उरेल तिथे जाऊन पाट्या टाकाल. पहिलं वर्ष ४४ क्रेडिट मिळवून सोडलं तर पीजी डिप्लोमा मिळतो आणि ज्यांची चार वर्षांची ऑनर्स पदवी झालीय त्यांना एमए एकाच वर्षाचं.

तिसऱ्या सेमला ४ आणि चौथ्याला ६ असे १० क्रेडिट रिसर्च प्रोजेक्टचे आहेत. एमए इतिहास म्हणजे गाइड वाचून आठ दिवसांत निघतं असं म्हणणारे इथे आपटतात. विषय "शिवकाल" किंवा "स्वातंत्र्यलढा" असा ढगाएवढा घेऊ नका, आपल्या तालुक्याची जुनी बाजारपेठ, गावातली नगरपालिका, एखादी गिरणी असं काहीतरी धरा ज्याचे कागद तुम्हाला खरोखर बघायला मिळतील. पुण्याचं पेशवे दफ्तर, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, १९१० साली सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, पणजीचं पुराभिलेखागार हे सगळं आपल्याकडेच आहे. जाताना विभागप्रमुखांचं किंवा प्रोजेक्टच्या मार्गदर्शक सरांचं-मॅडमचं पत्र आणि ओळखपत्र न्या, आधी फोन करून वेळ विचारा. पेशवाईतले बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत, तर तिसऱ्या सेमला विषय ठरवून मग मोडी शिकायला बसलात तर वेळ पुरत नाही, पहिल्याच वर्षी शिका, पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्ग घेतं. पेपर मराठीत लिहायची सोय आपल्या बऱ्याच विद्यापीठांत आहे, पण संदर्भग्रंथ निम्म्याहून जास्त इंग्रजीत, ही तयारी ठेवा.

हजेरी ७५ टक्के. एमपीएससीचा अभ्यास करता करता हॉस्टेलसाठी एमएला नाव घालणारे खूप असतात, त्यात वाईट काही नाही, पण इंटर्नल मार्क वर्गात बसणाऱ्यालाच मिळतात हे लक्षात असू द्या. नोकरी करत असाल तर मग बाहेरून केलेलं बरं. इग्नूला कुठलीही पदवी चालते, किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं आयडॉल हे दूरशिक्षण केंद्र होतं ते आता सीडीओई झालंय. दूरशिक्षणाला २०२४ पासून डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) पण काढावा लागतो, तो एबीसी आयडीवरूनच निघतो. यूजीसीची मान्यता त्या वर्षासाठी आहे का तेवढं बघून घ्या, मान्यता असली की डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची. २०२२ पासून दोन डिग्र्या एकाच वेळी पण करता येतात, दोन्ही रेग्युलर असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत.

आणि आता ते ५५ टक्के. पास व्हायला कमी लागतात, पण प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते आणि तिला एमएमध्ये ५५ टक्के पाहिजेत, एससी, एसटी, दिव्यांग आणि नॉन क्रिमीलेयर ओबीसींना ५०. यूजीसी नेटला ते राउंड करत नाहीत, ५४.९ म्हणजे नाही म्हणजे नाही. ज्युनियर कॉलेजला शिकवायचं तर एमएसोबत बीएड लागतं. नेट एमएच्या शेवटच्या वर्षाला असताना पण देता येते, जेआरएफला (नेटमधूनच मिळणारी संशोधनाची फेलोशिप) वयाची अट ३० वर्षं आणि त्यात प्रवर्गानुसार सूट. सेटला वयाची अट नाही, ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. मार्कशीटवर सीजीपीए (सगळ्या सेमच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) असेल तर त्याचे टक्के किती हे स्वतःच्या मनाने १० ने गुणून लिहू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं, परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या आणि फाइलला लावून ठेवा, मुलाखतीला पहिला तोच कागद मागतात.