बारनिशी, दरबार आणि टपरी : मराठवाड्यातल्या पोलिसांच्या संवादाची पार्श्वभूमी

ठाण्यात गुन्ह्यांचे कागद सांभाळणारा तो मोहरर. आवक-जावक टपालाची नोंद होते ती बारनिशी. हे अरबी-फारसी वळणाचे शब्द राज्यभर चालतात, पण मराठवाड्यात त्यांना जुनी सल आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. फौजदाराला अमीन म्हणत. शेतकरी फिर्याद मराठीत सांगायचा, कागदावर ती उर्दूत उतरायची आणि स्वतःचंच म्हणणं त्याला वाचता यायचं नाही. चावडीवरची, बाजारातली खबर मात्र मराठीतच फिरायची. लेखी आणि तोंडी यांत इथे भाषेचीच भिंत होती.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६४ च्या राजभाषा कायद्यानंतर कागदही हळूहळू मराठी झाला. उतरंड मात्र हलली नाही. हुकूम वरून झरझर येतो. शिपायाचा अर्ज 'योग्य मार्गाने' एकेक टेबल चढत जातो.

त्यात १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटनेवर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधनं आणली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचं आंदोलन पेटलं आणि राज्यातल्या कर्मचारी संघटनेची मान्यता गेली. गाऱ्हाणं मांडायला अधिकृत जागा उरली ती मुख्यतः साहेबांच्या दरबाराची, म्हणजे वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकतात त्या बैठकीची. पण ज्यांनी रजा नाकारली ते अधिकारी समोर बसलेले असताना "साहेब, रजा मिळत नाही" म्हणायला छाती लागते. तिथे गप्प बसणाऱ्याला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग बोलणं टपरीवर जातं. तिथे नुसती कुचाळकी चालते असं समजू नये. रात्रगस्तीहून उतरलेला हवालदार चहाचा कप हातात घेऊन दिवसपाळीच्या शिपायाला सांगतो, "त्या वस्तीवर जरा जपून. बांधाच्या भांडणात दोन्हीकडची पोरं गावाकडं आलीत." स्टेशन डायरीत हे येतंच असं नाही, कारण अजून काही घडलेलं नसतं. गावातला पोलीस पाटीलही असाच दोन्हीकडचा : १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला, पण निम्मी माहिती पारावरून आणणारा.

आता बंदोबस्ताची यादी मोबाईलवरच्या ग्रुपवर येते. खाली भराभर 'जय हिंद सर' उमटतं. रजेचं अजून टपरीवरच बोललं जातं.